चुना लावून टिकवलेलं गिऱ्हाईक

निपाणीच्या स्टँडवर जुना ओळखीचा कुणी भेटला की विचारतो, "शंकरअण्णा, आता काय करताय?" मी म्हणतो, "गवत विकतो." तो हळहळल्यासारखी मान हलवतो. मग विचारतो, "कुणाला?" मी म्हणतो, "अरबाच्या गाईला." यावर तो माझ्याकडं नीट निरखून बघतो, आणि घरी सगळं बरं आहे ना म्हणून चौकशी करतो. त्याचं काही चुकत नाही. मला पहिल्यांदा कुणी हे सांगितलं तेव्हा मीही समोरच्याची अक्कल चरायला गेलीय असंच समजलो होतो.

माझी सगळी नोकरी तंबाखूच्या वखारीत झाली. आलेल्या पानाची प्रत ठरवायची, ओल किती आहे ते सांगायचं, हे माझं काम. पान मुठीत धरलं की हाताला कळायचं. तंबाखूनं मला तीन गोष्टी दिल्या: नाक, खोकला आणि चंचीतली चुन्याची डबी. निवृत्त झाल्यावर खोकला कमी झाला. डबी सुटावी म्हणून बायकोनं दोनदा ती विहिरीत टाकली, आणि दोन्ही वेळा मी नवी आणली. ती आणली हे किती बरं केलं, ते पुढं कळेल.

मला गवतात ओढलं सुमनआक्कानं. आक्का वेदगंगेच्या काठची, आमच्याच गावची. दारात म्हशी, पायाखाली चांगली काळी जमीन आणि बोलणं असं, की समोरचा बसलेला असला तरी उठून उभा राहतो. तिनं ऐन उभा ऊस काढून त्या रानात लसूणघास लावला. आमच्याकडं ऊस काढणं म्हणजे देव्हाऱ्यातला देव काढण्यासारखं. लोक हसले. तर आक्कानं हसणाऱ्यांच्याच घरी जाऊन, चहा पिऊन, वीसेक घरांना तोच घास लावायला लावला आणि गट काढला. मग एक दिवस माझ्या दारात आली.

"अण्णा, तंबाखूचं पान हातात धरून तुमी ओल सांगत हुता न्हवं?"

"व्हय."

"मग गवताची सांगा."

झालं. एवढ्यावर माझी नेमणूक झाली. पगाराचं विचारायचं राहिलं ते राहिलंच.

हा धंदा काय आहे ते सांगतो, म्हणजे स्टँडवर भेटलो तर तुम्ही तरी तसं बघणार नाही. तिकडं वाळवंटात दूध भरपूर लागतं, त्यासाठी गाई भरपूर ठेवल्यात, पण पाणी नाही. पाणी घालून गवत पिकवण्यापेक्षा वाळलेलं बाहेरून आणलेलं त्यांना परवडतं. म्हणजे आम्ही वेदगंगेचं पाणीच वाळवून, गठ्ठे बांधून पाठवतो म्हणा. हे वाक्य मी आक्कासमोर बोलत नाही. उन्हाळ्यात नदी खाली गेली की मात्र मला ते आठवतं आणि जरा वाईट वाटतं.

लसूणघासाचा सगळा जीव पानात. काडी म्हणजे नुसती काडी. फुलं डोकवायला लागली की कापायचा, रानातच पसरायचा, उलथापालथ करून वाळवायचा. पण वाळलेलं पान हात लावला की गळतं. दुपारच्या उन्हात गठ्ठे बांधले तर पान आपल्याच रानात राहतं आणि अरबाला काड्या जातात. म्हणून सकाळी, दंवानं पान थोडं नरम असताना यंत्रानं गठ्ठे बांधायचे. आता दंव जास्त झालं तर गठ्ठ्याच्या पोटात ओल राहते, लोखंडी कंटेनरात ती समुद्रावर तापते आणि पोचेपर्यंत आत बुरशी धरते. तेव्हा दंव पाहिजे आणि दंव नको, एवढाच हा धंदा. तंबाखूचंही थोडंफार असंच असतं.

मी मूठभर घास कानाजवळ पिळून बघतो, काडीची साल नखानं निघते का बघतो. गटानं सुई खुपसून ओलीचा आकडा दाखवणारं यंत्रही आणलंय. माझं आणि यंत्राचं जमलं नाही की आक्का आम्हा दोघांनाही बाजूला सारते आणि गठ्ठा फोडून आत हात घालते.

गिऱ्हाईक मिळालं ओमानमधलं. मोठा गोठा, काळ्यापांढऱ्या गाई, त्यांच्या अंगावर दिवसभर पाण्याचा फवारा आणि डोक्यावर पंखे. हे ऐकून आमचा भाऊआप्पा म्हणाला, "म्हंजे आमच्यापरीस गाय सुखात हाय." भाऊआप्पा गटातला सगळ्यात म्हातारा, जातीचा धनगर. कपाळ कायम पिवळं. बंडीच्या खिशात बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी. भंडारा म्हणजे देवाची हळद. ती उधळल्याशिवाय आप्पानं आयुष्यात मेंढरू विकलं नाही की जावई केला नाही.

माल बघायला त्या गोठ्याचा जनावरांचा डॉक्टर आला. डॉक्टर इद्रीस, मूळचा सुदानचा. उंच, काळासावळा, डोळे हसरे. हिंदी तो गोठ्यावरच्या मजुरांकडून शिकलेला, त्यामुळे त्याच्या हिंदीत निम्मे शब्द शेणाचे आणि निम्मे शिव्यांचे. रानात आला, घास उचलला, हुंगला आणि डोळे मिटून चावत बसला.

आप्पा मला म्हणाला, "डॉक्टर हाय का बैल?"

डॉक्टरनं डोळे उघडले. "क्या बोला?"

"बोला, आप बहुत जानकार हैं," मी म्हणालो.

"बैल मालूम है मेरे को," डॉक्टर म्हणाला, आणि हातातला निम्मा घास आप्पापुढं धरला. "तुम भी खाओ."

आता माघार कशी घेणार? आप्पानं तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाला, "गोड हाय की रं." मग दोघंही बांधावर बसून चावत राहिले. एकाला मराठी येत नव्हती आणि दुसऱ्याला हिंदी. तरी बराच वेळ बोलणं चाललं होतं.

जाताना डॉक्टरनं अट घातली. पहिला कंटेनर तो स्वतः उघडून बघणार. पास झाला तर वर्षभर माल घेणार. नाही तर, तो म्हणाला, "खलास." तिकडच्या बोलीत या शब्दाचा अर्थ काय ते सांगायला आम्हाला दुभाष्या लागला नाही. आक्का त्या रात्री जेवली नाही, असं तिची सून सांगत होती. पहिलाच कंटेनर परत आला तर गावात तिच्या शब्दाला कुत्रं विचारणार नव्हतं, आणि वीसही घरं पुन्हा उसाकडं वळणार होती.

मग कागद. गवताला रोग नाही असा सरकारी दाखला लागतो. माणसाला मिळणार नाही इतक्या बारकाईनं तो गवताला देतात. आक्का आणि मी एका ऑफिसात गेलो. टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "माल काय?"

"लसूणघास," मी म्हणालो.

"लसूण? मग भाजीपाल्याकडं जावा."

"लसणाचा काही संबंध नाही साहेब. नाव तेवढं तसं आहे."

"संबंध नाही तर नाव का ठेवलं?"

आक्काला वाटलं, साहेब कानडी आहेत, कानडीत सांगावं. तिनं सांगितलं, "कुदुरे मसाले." कानडीत या घासाला असंच म्हणतात. अर्थ, घोड्याचा मसाला. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मसाले अंद्रे मसालेरी. मसाला म्हणजे मसालाच. मसाल्याचं टेबल वेगळं."

आम्ही समजावलं, की मराठीत यात लसूण नाही आणि कानडीत यात मसाला नाही, मधे फक्त गवत आहे. साहेब माणूस चांगला. त्यांनी चहा मागवला आणि शेवटी लॅटिन नाव लिहून आमची सुटका केली. सीमाभागात मराठी आणि कानडीचं जमलं नाही की मधे तिसरी भाषा येऊन काम उरकते. उठताना साहेब म्हणाले, "बघा हं, आत मसाला निघाला तर माझं नाव सांगू नका." आम्ही तिघंही हसलो. ते हसणं नंतर मला फार आठवलं.

कंटेनर भरायचा दिवस आला. आक्कानं सगळ्यांना दम दिला होता. आत घासाशिवाय काही जाता कामा नये. माती नाही, दोरीचा तुकडा नाही, कोंबडीचं पीस नाही. आप्पाला हे पटेना.

"आक्का, नवा ट्रॅक्टर आला तर आपून पुजतो. हिरीवर मोटार बशिवली तर नारळ फोडतो. आन् येवढी लोखंडाची खोली समुद्रावर जाणार, तिला काय न्हाय?"

"नारळ फोडा. पर भाईर, चाकापुढं. आत एक कण बी जायचा न्हाय."

शेवटचा गठ्ठा आत गेला. दार लावायच्या आधी सगळे पुढं चाकापाशी गेलो. नारळ फुटला, फोटो निघाला, खोबरं वाटलं. मग मागं येऊन दार लावलं आणि सील केलं. गाडी बंदराकडं निघाली तेव्हा आक्कानं पदरानं डोळे पुसले आणि लगेच, तोंडात खोबरं धरून, मला दोन कामं सांगितली.

नंतर एके दुपारी आम्ही आक्काच्या गोठ्यात होतो. डॉक्टरचा व्हिडिओ कॉल आला. फोनवर डॉक्टर दिसला, पण हसरे डोळे दिसले नाहीत. त्यानं फोन फिरवला. उघडा कंटेनर, आपले हिरवे गठ्ठे, आणि त्यांच्यावर पिवळे डाग.

"पीला फफूंद," डॉक्टर म्हणाला. म्हणजे पिवळी बुरशी. "सफेद होता, मैं निकाल देता. पीला बहुत खराब. गाय खाएगा, दूध में ज़हर जाएगा."

त्याचा मुदीर, म्हणजे मोठा साहेब, दुपारच्या नमाजानंतर येणार होता. तपासणीचा निकाल यायला वेळ लागणार आणि मुदीरला वेळ नव्हता. त्यानं बघितलं की कंटेनर परत, नाही तर तिथंच जाळायचा.

आक्का ओरडली नाही. गव्हाणीच्या कडेवर बसली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, दंव जास्त झालतं का वं?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. प्रत्येक गठ्ठ्याला मी हात लावून होय म्हटलं होतं. खोटं कशाला सांगू, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझा माझ्या नाकावरचा विश्वास उडाला. माझ्यामुळं ही बाई बुडाली असं वाटलं.

"डॉक्टर, फोन नजदीक लो," मी म्हणालो. बघायचं म्हणून बघत होतो. पिवळं होतं ते फक्त दाराकडच्या गठ्ठ्यांवर. तेही वरून सांडल्यासारखं, कडेला पातळ होत गेलेलं. ओलीची बुरशी गठ्ठ्याच्या पोटातून बाहेर येते. ही वरून पडली होती. तेवढ्यात मला नारळाचा फोटो आठवला. त्या फोटोत सगळा गट आहे, ड्रायव्हर आहे, शेजारचं कुत्रं आहे. भाऊआप्पा नाही.

मी वळून बघितलं. आप्पा आक्काच्या म्हशीच्या गोचिड्या काढत होता. त्या म्हशीला गोचिड्या नव्हत्या.

"आप्पा."

"हं."

"हिकडं बघा."

"म्हशीला लई गोचिडी झाल्यात."

"भंडारा टाकलासा का आत?"

आप्पा म्हशीशी बोलल्यासारखा म्हणाला, "लई न्हाय."

"किती?"

"देवाचं काय मोजत्यात व्हय?"

"कवा टाकलासा?"

"तुमी समदी फोटूत हुता तवा."

आक्का गव्हाणीवरून उठली. मी मधे उभा राहिलो. आप्पा माझ्या मागून म्हणाला, "आक्का, माल सुखरूप पोचला का न्हाय? बुडला का समुद्रात?"

मी फोनकडं वळलो. "डॉक्टर, वो हल्दी है. खानेवाली हल्दी."

"घास में हल्दी क्यों?"

"भगवान के लिए."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "शंकर भाई, जिसका माल खराब, वो सब कुछ बोलता. एक आदमी बोला, फफूंद नहीं, समंदर का नमक है. मुदीर को मैं भगवान का हल्दी कैसे बोलूँ? सबूत दो."

त्याचं म्हणणं रास्त होतं. सबूत मी कुठून देणार, समुद्राच्या अलीकडून? डोकं चालेना. डोकं चालेना झालं की माझा हात आपोआप चंचीत जातो, तसा गेला. तंबाखू तळहातावर आली, डबी उघडली, बोटाला चुना लागला. आणि मी त्या बोटाकडं बघतच राहिलो.

हळदीला चुना लावला की ती लाल होते. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

"डॉक्टर, उधर चूना है?"

"चूना? गाय के नीचे डालता है. बोरी भर के..." एवढं म्हणून तो थांबला, आणि पुरतं ऐकायच्या आधीच हसायला लागला. "अरे शंकर भाई. ये तो कॉलेज में किया मैं."

तो बादलीत चुना कालवून आला. आम्ही सगळे त्या एवढ्याशा फोनवर वाकलो, म्हशीनंही मान पुढं केली. त्यानं बोट बुडवलं, डागाकडं नेलं, आणि नेमकं तिथंच चित्र अडकलं. पडद्यावर डॉक्टरची एक नाकपुडी आणि अर्धं बोट. आप्पा "बिरोबाच्या नावानं चांगभलं" पुटपुटत होता. आक्का म्हणाली, "आप्पा, त्येला आता तरी गप बसू द्या."

चित्र हललं. डाग लालभडक झाला होता.

डॉक्टर कच्चा माणूस नव्हता. त्यानं साध्या घासाला चुना लावला, काही झालं नाही. मजुरांच्या खोलीतून बुरसटलेल्या रोटीचा तुकडा मागवला, त्याला लावला, तो होता तसाच राहिला. मग मुदीर आला. त्याच्यासमोर डॉक्टरनं पुन्हा सगळा खेळ केला. मुदीरनं विचारलं काय ते आम्हाला कळलं नाही, पण डॉक्टरनं दोन्ही हात जोडून वर बघितलं आणि मुदीर खो खो हसला. दाराकडचे गठ्ठे काढून टाकले. आतले फोडले ते कोरडे आणि हिरवेगार निघाले. माझं नाक मला परत मिळालं. पुढं तपासणीचा निकालही चांगला आला आणि वर्षाचा करार झाला.

आप्पाचं मत वेगळंच होतं. "हळद लागली, कुकू बी झालं. पूजा पुरी झाली न्हवं? हितं अर्धीच झालती."

निपाणीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. "शंकरअण्णानं अरबाला चुना लावला," असं लोक अजून सांगतात. मी दुरुस्त करत नाही. दाखल्याच्या ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाले, "मग, निघाला का नाही मसाला?"

करारात मात्र नवं कलम आलं. मालात हळद किंवा कोणतीही पवित्र पूड नसावी. आणि कराराबाहेरचं एक कलम डॉक्टरनं स्वतः सुरू केलं. कंटेनरचं दार लावायच्या आधी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. "आप्पा किधर है? आप्पा, हाथ दिखाओ." आप्पा दोन्ही तळवे फोनसमोर धरायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, कारण ते तळवे कधीच कोरे नसायचे. आक्का डाफरायची, डॉक्टर हसायचा. शेवटी तोड निघाली. दार बंद झाल्यावर, सील झाल्यावर, आप्पानं बाहेरून दारावर भंडाऱ्याची पाच बोटं ओढायची. डॉक्टर सांगायचा, तिकडं आवारात एकसारखे कंटेनर उभे असतात, पण आपला त्याला लांबूनच ओळखू येतो.

गेल्या थंडीत आप्पा गेला. आजारी पडला नाही, कुणाला काही करू दिलं नाही. रानात बसला तो बसलाच. लिहिताना हसतोय खरा, पण त्या माणसाची फार आठवण येते.

त्यानंतरचा कंटेनर आम्ही डॉक्टरला न कळवता मुकाट्यानं भरला. दारावर बोटं ओढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही, किंवा ध्यानात येऊन हात झाला नाही. माल पोचला तसा डॉक्टरचा फोन आला.

"शंकर भाई, दरवाज़े पे हाथ नहीं है. आप्पा किधर?"

मला हिंदीत नीट सांगता येईना.

"खलास?" त्यानं विचारलं.

"खलास," मी म्हणालो. फोन तसाच चालू राहिला.

परवा पुढचा कंटेनर भरला. नारळ फुटला, फोटो निघाला. मागं येतोय तोवर फोन वाजला. "हाथ दिखाओ," डॉक्टर म्हणाला. सवयीनं म्हणाला असणार, कारण लगेच त्यानं नजर खाली घातली. त्याला बरं वाटावं म्हणून मी माझे तळवे धरले. कोरे होते.

"अक्का, तुम भी."

आक्काचे हात पाठीमागं होते. ते तिनं पुढं आणले. दोन्ही पिवळे.

"भाईरनं लावलाय," आक्का म्हणाली. डॉक्टर हसला, डोळे पुसले आणि फोन ठेवला.

मी दाराकडं बघितलं. दोन्ही फळ्या बाहेरून कोऱ्याच होत्या. फोटोत आक्का होती का ते आठवायला लागलो. नव्हती. आक्कानं माणसांना दार लावायला सांगितलं, पदराला हात पुसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"अण्णा, तुमच्या डबीत चुना हाय न्हवं?"